चौथा खर्डा

योगेश टाले अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होता आणि अकरा वर्षं एकच कादंबरी लिहीत होता. कादंबरी कसली, बायकोच होती ती त्याची! साधना पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची, गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायची, आणि हा पठ्ठ्या आतल्या खोलीत कान लावून तिचं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवायचा.

"लिवून राहिले काय जी?" ती मशीनवरूनच ओरडायची. "लिवा, लिवा. भैताड कुठचे! माह्या बोलण्याचं पुस्तक कोन घेईन?"

भैताड म्हणजे खुळा. दिवसातून दहा वेळा तो हे ऐकायचा, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून त्याला चहा गोड लागत नसे.

तीन खर्डे झाले, तिन्ही साभार परत आले. चौथ्या वेळी पुण्याच्या एका प्रकाशकानं होकार दिला. संपादकबाई फोनवर फार गोड बोलल्या. "कथा उत्तम आहे हो. फक्त नायिकेची भाषा... वाचक अडखळतो. तेवढी प्रमाण करून द्या, की लगेच छापायला घेऊ."

योगेशचा जीव जळला. दोन दिवस त्यानं अख्ख्या पुण्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मुकाट लॅपटॉप उघडला. पन्नाशी आली होती, नावावर एक पुस्तक नव्हतं, आणि कॉलेजात लोक 'या लेखक' म्हणायचे ते चेष्टेनं. 'मले' शोधा, तिथं 'मला' टाका. बटण दाबलं. चारशे बारा जागा एका दमात बदलल्या.

संध्याकाळी साधना चहा घेऊन आली. "मला जरा मोतिया रंगाचं रीळ आणून द्याल?"

तो हसला. "थट्टा करून राहिली काय वं?"

"कसली थट्टा?" तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं 'कावून'चं 'का' केलं. मग 'करून राहिली'चं 'करत आहे'. प्रकरणामागून प्रकरण धुऊन निघालं. पुढची खोली हळूहळू शांत होत गेली. ज्या बायाबापड्या साधनाच्या जिभेसाठी तास तास बसायच्या, त्या आता दारातूनच पिशवी घेऊन निघून जायच्या. "ब्लाउज उद्या मिळेल," एवढंच ऐकू यायचं.

चांदूर रेल्वेहून सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा, फोन आला. "जवाईबापू, माह्या पोरीले काय झालं जी? तिनं फोन उचलला, त मले वाटलं राँग नंबर लागला."

"कामाचा ताण आहे," योगेश म्हणाला.

थांबायचं तर तिथंच थांबायला हवं होतं. त्याला कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. सगळं कळत होतं त्या माणसाला. पण शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि मुखपृष्ठाचा नमुना आला होता. त्यावर त्याचं नाव होतं. दहा वेळा त्यानं ते बोट फिरवून पाहिलं.

शेवटच्या प्रकरणात संपादकबाईंनी एका शब्दाभोवती पिवळं वर्तुळ काढलं होतं. 'अर्थ लागत नाही. बदलावा.'

त्यानं बदलला.

त्या संध्याकाळी चहा आला. साधना कप ठेवून गेली. काहीच बोलली नाही.

आठवड्यानं संपादकबाईंचा फोन. "भाषा अगदी स्वच्छ झालीय. पण काय झालंय, ती बाई आता जिवंतच वाटत नाही हो. मूळचं थोडं परत आणता येईल का?"

"मूळचं," योगेश म्हणाला, आणि धावला.

पेटीत जुन्या वह्या होत्या, पहिल्या खर्ड्याच्या. डांबरगोळ्यांचा वास, फिकट निळी शाई, त्याचंच अक्षर. त्यानं पहिली वही उघडली. 'मला.' 'का.' 'करत आहे.' कुठं खाडाखोड नाही. दुसरी उघडली. तिसरी. सगळ्या वह्या जमिनीवर पसरल्या.

एकही 'मले' नाही.

तो पुढच्या खोलीत आला. कूलर घरघरत होता, मशीन चालू होती.

"साधना, तू मला एक शब्द म्हणायचीस. रोज म्हणायचीस. काय होता गं तो?"

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं, 'म्हणायचीस'. 'गं'.

मशीन थांबली. साधना त्याच्याकडे बघत राहिली, मायेनंच.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "तुम्ही लिहून द्या ना. मी म्हणेन."

तिनं मापांची वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. आणि तोंड किंचित उघडं ठेवून वाट बघत बसली.