अडकलेला होकार

निळ्या बॅगवाला खरं तर एसटीत असायला हवा होता. निदान अयोध्याच्या हिशेबी तो एसटीतच राहत होता. रोज सकाळी धाराशिवच्या स्टँडवर तो ढोकीच्या गाडीची वाट बघत उभा असायचा. तेर आलं, ती उतरायला उठली, की तो मुकाट्यानं पाय आवरून घ्यायचा, म्हणजे तिची साडी अडकू नये. दोघांची ओळख एवढीच. ना शब्द, ना नाव. आणि आज भरदुपारी तोच तेरच्या दूध केंद्राच्या दारात, केसांवर पावसाची भुरभुर घेऊन उभा होता.

"ॲप चालत न्हाई, ती तक्रार इथलीच का?"

अयोध्याच्या हातात दुधाचा नमुना होता. तो तिनं आधी नीट खाली ठेवला, कारण सांडला असता.

"तुम्ही... इथं?"

"आन् तुम्ही?" तोही गोंधळला. "म्हणजे, मी योगीराज. हेड ऑफिसनं पाठवलंय. ढोकीच्या केंद्रावर होतो, टँकरवाल्यानं इथं सोडलं."

म्हणजे दोघं एकाच दूध कंपनीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कोपऱ्यात दुधाचे कॅन धूत बसलेले लिंबाजीमामा मान वर करून दोघांकडे बघत राहिले.

तक्रार साधी होती, पण जिवावर बेतलेली. कंपनीचं 'सांगावा' नावाचं एक ॲप आहे. हजेरी, रजा, दुधाची फॅट, साहेबांचे हुकूम, सगळं त्यावरच. काल ते ॲप नवीन झालं आणि तेव्हापासून अयोध्याचा एकही निरोप जागचा हलेना. पाठवलं की शेजारी इवलंसं घड्याळ उमटायचं आणि तिथंच बसायचं. लिंबाजीमामांचा 'शुभ सकाळ'चा गुलाब मात्र क्षणात धाराशिवला पोहोचत होता. गुलाबाचं ठीक आहे. अयोध्याचा निरोप गुलाबाचा नव्हता.

भूमला कंपनीचं नवं केंद्र होत होतं आणि तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिला विचारलं होतं. होकार आज पाचच्या आत द्यायचा, तोही सांगाव्यावरच. तिनं हेड ऑफिसच्या रणधीरसाहेबांना फोन करून बघितला होता. "फोनवर कुणीबी काय बी बोलतं," साहेब म्हणाले, "ॲपवर येऊ द्या. पाचपर्यंत आलं न्हाई तर दुसऱ्याला विचारतो."

बाप शेळ्या राखायचा, आणि पोरगी प्रयोगशाळेची प्रमुख होणार होती. असला होकार द्यायला विचार कसला करायचा? तिनं केलाही नव्हता. पण निरोप अडकला तेव्हा तिला थोडं, अगदी थोडंसं, बरं वाटलं होतं. भूमची गाडी ढोकीकडे जात नाही ना! मग स्वतःचाच राग आला, आणि मग कशाचा राग आला तेही कळेना. कालपासून तिचं असंच चाललं होतं.

"फोन बंद करून चालू केला?" योगीराजनं स्टूल ओढलं.

"केला. कितीदा तरी."

"रेंज?"

"गच्चीवर जाऊन आले."

"ॲप काढून परत टाकलं?"

"टाकलं. मामांनी तर सिम काढून धोतराला पुसलं."

"मग माझ्यासाठी काही ठेवलंच न्हाई की तुम्ही!"

तो हसला. हसताना तो खाली बघतो, हे एसटीत कधी कळलं नव्हतं. तिनं फोन पुढं केला, त्यानं घेतला, आणि पडद्यावरचं वाक्य त्याच्या नजरेला पडलं. 'भूमची जागा मला मान्य आहे.'

हसू गेलं.

"भूमला चाललात?"

"व्हय... गेला निरोप तर."

"चांगलंय की," तो म्हणाला. पण काढा पिऊन 'गोड हाय' म्हणावं तसं म्हणाला. अयोध्या बघत राहिली. याला काय झालं? आपल्याला जागा मिळाली म्हणून पोटात दुखलं की काय?

पण पोटात दुखणारा माणूस असा जीव तोडून काम करत नाही. त्यानं फोनमधलं साठलेलं सगळं साफ केलं. दुसऱ्या कंपनीचं नेट जोडून बघितलं. मामांच्या फोनवरून पाठवायचा बेत केला, तर ॲप म्हणालं, ज्याचा नंबर त्याचाच फोन. "तारीख-वेळ चुकली तरी नवं ॲप असं अडतं," असं पुटपुटत त्यानं स्वतःचा फोन तिच्या फोनशेजारी धरला. दोन्हीकडे एकच वेळ. "न्हाई, ते बरोबर हाय." भिंतीवरच्या घड्याळाला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचा सेल दिवाळीपासून संपलेला होता.

शेवटी त्यानं हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चालू आहे.

"सगळ्यांचं म्हणं," तो कपाळ चोळत म्हणाला. "मग माझंच का जात न्हाई कालपासून?"

"तुमचं जात न्हाई? आणि तुम्ही माझं दुरुस्त करायला आलात?"

तिला हसू आवरेना. तोही हसला, यावेळी खाली न बघता. हसता हसता दोघं एकदम थांबले आणि मग कुठं बघावं हे दोघांनाही सुचेना.

"तुमचं काय अडकलंय?" तिनं विचारलं.

"काही न्हाई... असंच. साहेबांना एक नकार." त्यानं फोन उलटा ठेवला.

दुपार अशीच गेली. दूधवाले आले, कॅन वाजले, मामांनी चहा केला. प्रत्येक नव्या उपायाला अयोध्या श्वास रोखून बघायची, आणि इवलं घड्याळ जागच्या जागी दिसलं की श्वास सोडायची. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मग दोघांच्या फोनवर पाच वाजले.

"गेलं," ती म्हणाली.

आता हायसं वाटायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले. तिला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती. हातची गेल्यावर ते इतकं स्वच्छ कळलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"माफ करा मॅडम," योगीराज हळूच म्हणाला. "माझ्याच्यानं झालं न्हाई."

दोघं रस्त्यावरच्या थांब्याशी आले. पाचच्या आधीची धाराशिवची गाडी निघून गेली असणार, आता पुढच्या गाडीची वाट बघायची. भुरभुर थांबली होती. समोरच्या सोयाबीनवरून ओला वास येत होता.

"नकार कशाला दिला?" तिनं पुन्हा विचारलं.

तो बॅगेच्या चेनशी खेळत राहिला. "भूमला नवं केंद्र होतंय... तिथली यंत्रं, फोन, सगळं सांभाळायला जा म्हणाले. मी लिहिलं, मला ढोकीच्या बाजूलाच ठेवा."

"भूमला? तुम्हालाबी?" तिला धड राग येईना, धड हसू. "आन् नको का म्हणालात?"

"ढोकीची गाडी... सोयीची हाय."

"ढोकीची? पाय ठेवायला जागा नसती तिच्यात!"

तो काही बोलणार तेवढ्यात हॉर्न वाजला. वळणावरून लाल गाडी येत होती. दोघं चढले, शेजारी शेजारी बसले, तो खिडकीशी. कंडक्टर गजराबाई तिकिटाचं मशीन घेऊन आल्या.

"आज उशीर झाला का मावशी गाडीला?" अयोध्यानं विचारलं.

"उशीर?" गजराबाईंचा आवाज चढला. "येळेवर आणली तरी बोलून घ्यायचं का आमी? पाच व्हायला पाच मिनिटं हायत अजून. तिकिटावर बघा की! सकाळीबी तुमी दोघं गाडी लागायच्या आदी येऊन हुबं ऱ्हाता, आन् आता म्हणं उशीर. घड्याळं कुणी बिघडवली तुमची?"

त्या पुढं गेल्या. अयोध्यानं तिकीट बघितलं, मग फोन बघितला. मग योगीराजकडे. त्याचंही तेच चाललं होतं.

"तुमचं घड्याळ... पुढं हाय?"

"दहा मिनिटं. तुमचं?"

"दहा."

आपल्याकडं घड्याळ पुढं करायचं म्हटलं की माणूस दहाच मिनिटं करतो. नऊ नाही की अकरा नाही. आणि रोजच्या सवयीनं ते पुढं केलंय हेच दोघं विसरले होते. म्हणूनच दोन्ही फोन शेजारी ठेवले तरी चूक दिसली नाही. शहाण्याच्या दिव्याखालीच अंधार होता.

"तुमच्या केंद्राला तर मागच्या गाडीनं आलं तरी चालतं," तो म्हणाला. "मग पुढं कशाला केलं?"

"एकदा पहिली गाडी चुकली होती," ती पलीकडच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मागच्या गाडीनं आले. त्या गाडीत... कुणी पाय आवरून घेत न्हाई."

त्यानं बॅग मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "मला एक दिवस तुम्ही आधीच येऊन उभ्या दिसलात. दुसऱ्या दिवशी म्याबी घड्याळ पुढं केलं."

कालपासूनचा सगळा गुंता एका दमात सुटला आणि अयोध्याला कळलं, की आपण या माणसावर प्रेम करतो. मग तिला पाच आठवले.

"अहो, निरोप! अजून वेळ हाय!"

"थांबा, थांबा!" योगीराज दचकला. "घड्याळ सरळ झालं की अडकलेलं आपोआप जाईल. आधी माझा नकार पुसू द्या." गाडी खड्ड्यात आपटली, अंगठा चुकला, तो स्वतःशीच काहीतरी बोलला आणि नकार पुसला गेला. "हां. आता तुमचं. द्या, मी करतो."

"नको. कुठं दाबायचं ते सांगा. माझा होकार मी पाठवते."

त्यानं सांगितलं. तिनं दाबलं. वेळ मागं सरकली, इवलं घड्याळ नाहीसं झालं आणि तिथं बरोबरची खूण उमटली. शेजारी योगीराजही घड्याळ सरळ करून लिहीत होता. तिनं सरळ वाकून वाचलं. 'भूमला जायला तयार आहे.' तो निरोपही गेला.

"आता घड्याळ बरोबर," ती म्हणाली. "आणि भूमची गाडी चुकली म्हणजे?"

योगीराजनं उठून तिला खिडकीजवळ सरकायला जागा दिली, पाय आवरून घेतले आणि म्हणाला,

"चुकू दे की. दोघांचीबी चुकली, तर तिला चुकली म्हणत न्हाईत."