दीड महिन्याची शांतता

"बावीस वर्षांत काढलेले पंपांचे आराखडे, साहेब. सकाळी वेबसाइट उघडली, तर कोरी पाटी!" पंप-मिस्त्री थकल्या आवाजात म्हणाला. "आणि हे माझ्या सख्ख्या बहिणीचं काम आहे."

खासगी गुप्तहेर अण्णा चष्मा पुसत राहिले. त्यांचे सोबती मास्तर खुर्चीत आणखी खचले. भावाबहिणींची भांडणं ऐकून त्यांचे कान किटले होते.

"पुरावा?" अण्णांनी विचारलं.

"तीन महिन्यांपूर्वी ताईनं सगळे आराखडे डिस्कवर उतरवून नेले. तेव्हापासून अबोला आहे."

"तुमच्याकडे दुसरी प्रत नाही?"

"होती ना! साइटची अख्खी प्रत रोज आपोआप माझ्या ईमेलवर यायची. पण तेही आज उघडत नाही. साइट, ईमेल, सगळं एकाच होस्टिंग कंपनीकडे. किल्ल्यांचा एकच जुडगा, एकच खुंटी."

"गिऱ्हाइकांच्या तक्रारी?"

"दीड महिन्यात एकही नाही," मिस्त्री जरा ताठ झाला. "काम चोख असतं आपलं."

अण्णा आणि मास्तर ताईच्या घरी गेले, तेव्हा तिनं दारातच सुनावलं, "हो, उतरवले. साइटवर जगाला दिसतात तेच, एकेक करून. पासवर्ड तो शहाणा देतोय मला!"

होस्टिंग कंपनीचा अभियंता फोनवर म्हणाला, "जुना सर्व्हर काढायचा होता. साइट नव्यावर हलवायला मिस्त्रींचा होकार हवा होता. पाच ईमेल पाठवल्या, उत्तर नाही. शेवटी मुदत संपली आणि सर्व्हर पुसला."

"म्हणजे मिस्त्री झोपला होता?" मास्तरांनी विचारलं.

"झोपला नव्हता, मास्तर. त्याची पेटी तुंबली होती."

संध्याकाळी अण्णांनी भावाबहिणीला समोरासमोर बसवलं.

"पासवर्डाशिवाय ताईंना साइट पुसता येत नाही. आता सांगा, चोख कामालाही दीड महिन्यात एक तक्रार नाही? साधी चौकशीही नाही? कारण पत्रंच पोचत नव्हती. रोजच्या अवजड प्रतीनं तुमची ईमेल-पेटी काठोकाठ भरली. मी अभियंत्याला पुन्हा विचारलं. पाचही इशारे 'पेटी भरली' म्हणून परत गेले होते. आणि जिनं ऐनवेळी वाचवायचं, ती प्रतही त्याच कंपनीच्या त्याच सर्व्हरवर! घराची दुसरी किल्ली तुम्ही घरातच ठेवलीत."

मिस्त्रीनं मान खाली घातली. "म्हणजे मीच."

ताईनं पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली. "नंतरचे आठ आराखडे यात नाहीत."

"पुन्हा काढीन. ताई, मी तुला काय काय बोललो..."

"माफी नंतर माग," ती म्हणाली. "आधी याची एक प्रत कर. ती तुझ्या घरी. ही माझ्याकडेच राहील."