सांधलेला रांजण

१९८८च्या सप्टेंबरात लीड्समधल्या मराठी मंडळींनी वैजयंतीला वेड्यात काढलं. शनिवारची सकाळ म्हणजे मार्केटातून मासे-कोथिंबीर आणायची, आठवड्याच्या इस्त्रीचा ढीग उपसायचा. आणि ही बाई युनिव्हर्सिटीच्या प्रौढांच्या वर्गात नाव घालून मोकळी झाली होती. वर्ग तरी कसला, तर 'बायबलच्या भूमीचं पुरातत्त्व : तोंडओळख'.

"अगं, फ्लॉवर अरेंजिंग घ्यायचंस, नाहीतर कीप-फिट," तिची मैत्रीण रेखा म्हणाली. "तुला बायबलचं काय एवढं पडलंय?"

बायबलचं तिला काहीच पडलं नव्हतं. पण नसत्या गोष्टीत नाक खुपसायची सवय जन्माची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. रक्ताच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली धरायच्या आणि दिसेल तेच, दिसेल तेवढंच सांगायचं, हे तिचं काम. हजारो वर्षांपूर्वीच्या मातीत बघून ही माणसं नेमकं काय ओळखतात, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

वर्ग भरायचा एका लाल विटांच्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर. रेडिएटर खडखडायचे, तावदानांवर वाफ धरलेली असायची आणि खालच्या स्वयंपाकघरात कोणीतरी टोस्ट करपवलेला असायचा. वर्गात बहुतेक चर्चला जाणारी रिटायर्ड मंडळी. शिकवणाऱ्या मिस ओल्डरॉइड साठीच्या, उंच, केसांत पेन्सिल खोवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी 'टेल' म्हणजे काय ते सांगितलं. माणसं एकाच जागी पिढ्यानपिढ्या घरं बांधतात, घरं पडतात, पडक्या घरांवर पुन्हा नवी उठतात आणि शेवटी त्या जागेचं टेकाड होतं.

"आमच्याकडे त्याला पांढरी म्हणतात," वैजयंती म्हणाली. "जुन्या गावाला बहुधा एखादी असतेच."

मिस ओल्डरॉइडनी पेन्सिल काढून तो शब्द हातावरच लिहून घेतला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

ऑक्टोबरात खोकी आली. कुणा हौशी मेजरनं तीसच्या दशकात जॉर्डन नदीच्या पश्चिमेला एक टेकाड खणलं होतं. त्यातला हा माल तेव्हापासून वर्तमानपत्रांत गुंडाळून कुठल्याशा तळघरात पडला होता. प्रत्येक टेबलाला एकेक खोकं मिळालं. खापरं धुवायची, कडा जुळवून बघायच्या, नेलपॉलिशसारख्या वासाच्या गोंदानं सांधायच्या आणि सांधा वाळेपर्यंत भांडं वाळूच्या ट्रेमध्ये रोवून ठेवायचं. वैजयंतीच्या वाट्याला एक छोटा रांजण आला. गुडघ्याएवढ्या उंचीचा, गेरूच्या रंगाचा.

"हा घराच्या जमिनीखाली सापडला," मिस ओल्डरॉइड म्हणाल्या. "यात मूल होतं. अगदी तान्हं. तिकडे लहान मुलांना गावाबाहेर नेत नसत. रांजणाची मान कापून काढायची, मुलाला आत निजवायचं, मान परत वर बसवायची आणि ज्या घरात आई राहते त्याच घराखाली पुरायचं."

"आमच्याकडेही," वैजयंती म्हणाली. तिचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "पुण्याजवळ इनामगावला. माझ्या भावानं दाखवलं होतं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली."

"घराखालीच का, सांगितलं का कोणी?"

"नाही. तुमच्यात?"

"आम्हीही अंदाजच बांधतो," मिस ओल्डरॉइड म्हणाल्या.

"आणि यातली हाडं?"

"मेजरनं ठेवली नाहीत. त्याला फक्त भांडी हवी होती."

वैजयंतीनं एक खापर उचललं आणि बराच वेळ नुसतंच धरून ठेवलं. तिला त्या मेजरचा संताप आला. संतापाचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं, पण ते या वर्गात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मुलीच्या, मंजिरीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. लीड्सला येण्यापूर्वी, इंग्लंडच्या दक्षिणेतल्या एका बंदराच्या गावी. झाला तो मेलेलाच. नर्सनं टॉवेलात गुंडाळून नेला. "आम्ही सगळं बघतो, डिअर, तुम्ही विसरून जा," म्हणाली. नवऱ्यानं, मोहनरावांनी, कुठेतरी सही केली. कुठे नेला, कुठे पुरला, कोणी सांगितलं नाही. आणि पंचविशीतली, अडखळत इंग्रजी बोलणारी वैजयंती विचारायला घाबरली. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. वीतभर जागा. जिथे उभं राहून 'माझा मुलगा इथे आहे' असं म्हणता येईल एवढीच.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिनं विचारलंच. "अहो, त्याला कुठे नेलं असेल हो?"

कुणाला, असं मोहनरावांनी विचारलं नाही. "मी फोन केला होता," ते म्हणाले. "मंजिरी झाल्यावर. तुला बोललो नाही. ते हॉस्पिटल डिमॉलिश झालं, कौन्सिलला काही माहीत नाही. दे हॅव नथिंग, वैजू." आणि ते उठून बागेत गेले. ओल्या अंधारात तिथे काहीही करण्यासारखं नव्हतं.

वैजयंती तव्यासमोर उभी राहून रडली. मग पोळी करपली म्हणून स्वतःवरच चिडली.

रांजण मात्र झपाट्यानं उभा राहत होता. इतर टेबलांवर लोक एकेका तुकड्यासाठी डोकी धरून बसायचे. हिनं खापर उचलावं आणि ते जागच्या जागी बसावं. सांधा जुळला की बोटांना बारीकसा 'टक' लागतो, तो पहिल्याच खेपेला लागायचा. मिस ओल्डरॉइडना त्याचं कौतुक होतं, पण त्यांना एका गोष्टीचं नवलही वाटत होतं. मेजरच्या मालात एकही भांडं पुरं नव्हतं. प्रत्येकाला कुठेतरी भोक उरायचंच. याला उरलं नाही.

नोव्हेंबरात मानेखेरीज सगळा रांजण झाला आणि वैजयंतीनं, माठ घेताना कोणीही करील तेच केलं. डावा हात काठावर ठेवून उजव्या हाताच्या बोटानं पोटावर टिचकी मारली. फुटून सांधलेलं मडकं बद्द वाजतं. कुंभाराकडे उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला हे कळतं.

रांजण खणखणीत वाजला.

तिनं पुन्हा वाजवून बघितलं. दुसऱ्या बाजूनं, खालून, सांध्याच्या अगदी वर. कुठेही तडा नसलेल्या नव्या माठासारखा स्वच्छ आवाज.

"हे काय करतेस?" मिस ओल्डरॉइडनी विचारलं. तिनं माठाची परीक्षा समजावून सांगितली. "गोंद चांगला असेल," त्या हसून म्हणाल्या. स्पष्टीकरण बरं होतं. वैजयंतीनं ते घरी नेलं, दोन दिवस वागवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच गोंदानं आपला फुटका कप सांधून टिचकी मारली. कप बद्द वाजला.

पुढच्या शनिवारी रांजणाचा आवाज बदलला होता. स्वच्छ होता, पण खोल. माठात पाणी भरत आलं की येतो तसा, भरीव. तिनं टॉर्च घेऊन आत बघितलं. तळ दिसत होता, कोरडा. मग तिनं कोपरापर्यंत हात आत घातला.

आत काही नव्हतं. फक्त ऊब होती. रेडिएटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ट्रेमधली वाळू गारठलेली, आणि रांजणाच्या आत मात्र पांघरुणाखाली असते तशी ऊब. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भलतंच. हात बाहेर काढू नये असं वाटलं.

त्यापुढच्या शनिवारी तिनं टिचकी मारली तेव्हा मिस ओल्डरॉइड शेजारीच होत्या. टिचकीचा भरीव नाद विरला. मग आतून, त्याच जागी, कोणीतरी परत वाजवलं. हलकेच.

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी बायबलातल्या सॉलोमन राजाच्या घोड्यांबद्दल बोलत होतं.

"पुन्हा करू नकोस ते," मिस ओल्डरॉइड हळू आवाजात म्हणाल्या. "प्लीज. मान बसवून टाक आणि आपण हा परत तळघरात ठेवू." त्यांनी पेन्सिल केसांत खोवायचा प्रयत्न केला. ती दोनदा खाली पडली.

"तुम्हाला काय वाटतं, काय आहे ते?"

"मला जाणून घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि चहाचं बघायला खाली गेल्या. त्यांच्यामागून बाकीचेही गेले.

वैजयंतीला मात्र जाणून घ्यायचं होतं. आयुष्यभर तेच करत आली होती ती. मानेचं कडं तिच्या हातात होतं. एकदा ते बसलं की आत हात जाणार नव्हता, आणि मग हे पोर पुन्हा तळघरात जाणार होतं. हाडं हरवलेलं, नाव नसलेलं, कोणाच्याही घराखाली नसलेलं. तिच्या पोरासारखंच. आपण दुसऱ्याच्या मुलात आपलं मूल बघतोय हे तिला समजत होतं. समजूनही तिनं जे केलं ते एखादी मराठी आईच करू जाणे.

ती रांजणावर वाकली. कानात नाव सांगायचं काम खरं तर आत्याचं. इथे आत्या नव्हती, पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या. तिनं काठाला तोंड लावून 'कुर्र' केलं आणि बारशासाठी ठरवून ठेवलेलं, कधीच कोणाला न दिलेलं नाव आत सांगितलं.

"अतुल."

आतली ऊब तिच्या ओठांना लागली. मग गेली.

तिनं मान बसवली. सांधा पहिल्याच खेपेला जुळला. तिनं टिचकी मारली.

बद्द.

मिस ओल्डरॉइड चहा घेऊन वर आल्या तेव्हा रांजण वाळूत उभा होता. फुटून सांधलेल्या कुठल्याही मडक्यासारखा. वैजयंतीनं कोट चढवला. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बसमध्ये ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कोटाच्या खालच्या बाजूला बघितलं. "एक आणि हाफ का, लव्ह?"

"नाही," ती म्हणाली. "एकच."

त्यानं खांदे उडवले.

तिनं बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली नाही. का ठेवली नाही, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. हेडिंग्लीच्या चढावर बसनं गचका दिला तेव्हा तिचा हात आपोआप आडवा गेला, शेजारचं कोणी पडू नये म्हणून.

बाजार करून घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. दाराशी मंजिरी पोहायची बॅग घेऊन घाईत. "आई, मी लेट झाला! बाय! तुझी पॉट झाला का?" आणि उत्तर न ऐकता मैत्रिणीच्या गाडीत बसून गेलीसुद्धा. वैजयंतीनं दार लावलं. किटली ठेवली. बाहेरच्या खोलीत मोहनराव फुटबॉलचे निकाल ऐकत टीव्हीपुढे बसले होते. या देशात येऊन त्यांनी मनापासून घेतलेली तेवढी एकच गोष्ट.

"अगं," ते मान न वळवता म्हणाले, "त्याला सांग ना, जरा हळू. स्कोअर ऐकू येत नाहीयेत."

वैजयंती दारात थांबली.

वर जिन्याच्या तोंडाशी अनवाणी पावलं धावत होती. छोटी, जिवाच्या आनंदानं धावणारी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत.

मोहनरावांच्या चेहऱ्यावर काही नवल नव्हतं. शनिवारी घरात पोरं दंगा करतात तेव्हा बापाचा चेहरा असतो तसाच चेहरा. तिला हसू आवरेना. आला. घरी आला. आता कोणाला जागा विचारायची नव्हती.

ती जिन्याखाली गेली आणि वर बघून, खूप मऊ आवाजात, तिनं हाक मारली.

"अतुल?"

पावलं थांबली.

उत्तर लगेच आलं. लाडात, लांबवून, खूप दिवसांनी आई दिसल्यावर पोर भडाभडा सांगत सुटतं तसं. ती जिवाचे कान करून ऐकत राहिली. मराठी नव्हतं ते. इंग्रजीही नव्हतं. घशातून खोलवरून येणारे, त्या रांजणाच्या मातीसारखे कोरडे, कधीही न ऐकलेले शब्द, आणि त्यातला एकही तिला कळला नाही.

मागून मोहनरावांनी विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"