विरजणापुरतं घर्षण

नवी चांदवली वसवताना रचनाकारांनी जुन्या चांदवलीतल्या सगळ्या चुका काढून टाकल्या होत्या: सामाईक भिंती, समोरासमोरचे उंबरे, रस्त्यात पाय पसरलेले ओटे, आळीत एकच नळ. नव्या शहरात एका घरातला खोकला दुसऱ्या घरात जात नसे. माणसं सुखी आहेत, असं सर्वेक्षणात निघालं होतं. मेलेली मात्र फार उशिरा सापडत.

“घर्षण नसेल तर पाऊल टाकता येत नाही, नुसतं घसरायला होतं. ओळखीचंही तसंच,” असं नगरभौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. टिपणीस महापालिकेला सांगत. जुन्या शहराचा घर्षणांक नव्याच्या शंभरपट होता. म्हणून त्यांनी कुरबुरयंत्रणा बसवली. एकाकी घर निवडून ती त्यातलं काहीतरी बारीकसं बिघडवी. मग शेजाऱ्याचं दार ठोठावण्यावाचून इलाज नसे.

“शेजारच्या गायतोंडेबाई येतात का हो अजून?” सहकारी डॉ. रझिया पटवेकरांनी विचारलं.

“रोज संध्याकाळी. विरजण मागायला. धापा टाकत येतात, पण येतात. काल म्हणाल्या, तुमच्या दह्याला स्वभाव आहे.” पत्नी गेल्यापासून टिपणिसांच्या घरात एवढंच काय ते संभाषण होई.

रझिया जरा घुटमळल्या. “सर, त्यांच्या फ्रिजचा आपोआप दही लावणारा कप्पा आपल्याच यंत्रणेने बिघडवलाय.”

टिपणिसांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

“काढा त्यांना यंत्रणेतून.”

“पण निवडलेल्या घरांवरच आपलं लक्ष असतं. बाहेर काढलं की...”

“काढा म्हणतो ना. कळू दे एकदा, बाई विरजणासाठी येतात की माझ्यासाठी.”

बाई आल्या नाहीत. पहिल्या संध्याकाळी टिपणिसांनी दोन कप मांडले, पुढे एकच. आपण जाऊन विचारावं, तर निमित्त नव्हतं. निमित्तांचं शास्त्र उभारलेल्या माणसाला एक निमित्त सुचेना. शिवाय रागही आला होता.

पंधरवड्याने रझिया म्हणाल्या, “महापालिका आदर्श घराचा सन्मान देतेय, सर. सबंध शहरात एकच घर घर्षणशून्य निघालंय. तक्रार नाही, मागणी नाही, येणंजाणं नाही.”

“कुणाचं?”

“तुमच्या शेजारचं.”

टिपणीस पोचले तेव्हा सन्मानपत्र घेऊन आलेल्या लोकांनी दार उघडून घेतलं होतं आणि ते आत न जाता बाहेरच थांबले होते. दुरुस्त झालेल्या कप्प्याने रोज न चुकता दही लावलं होतं. वाट्या काठोकाठ होत्या. पहिल्या वाटीतलं तेवढं चमचाभर कमी होतं.

बाई दारापासून दोन पावलांवर होत्या. हाताशी टिपणिसांची वाटी होती, वर ताटली झाकलेली. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून बाईंनी तीत आपल्या दह्यातलं चमचाभर घातलं होतं.

घर्षणांकात ती वाटी धरली गेली नव्हती. दाराबाहेर पडली नव्हती ना.