नऊ नंबरचा बिल्ला

फळ्यावर नऊ नंबरची खुंटी रिकामी होती.

सशीने आधी ते मनावर घेतलं नाही. नदीकाठच्या क्लबच्या खोलीत वीज गेली होती, मोबाइलच्या उजेडात दिसून दिसणार काय? पण किल्ली टांगताना उजेड पुन्हा तिथेच गेला. सगळे पितळी बिल्ले जागच्या जागी. नऊ नाही.

ही गोष्ट बोटवाले काका सांगतात. नव्या पोरापोरींना, तेही अंधार पडल्यावर, नदीतला कचरा काढून सगळे पायरीवर टेकले की. "ऐकीव नाही रे," म्हणतात. "त्या मुलीला मी चांगला ओळखतो. तिने सांगितलं तसंच सांगतो. आणि थोडं माझं..." नदीकडे बघतात.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा बुधवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

ती मुलगी कॉलेज संपवून नुकती घरी बसलेली. पान पडलं तरी दचकायची, म्हणून क्लबात तिचं नाव पडलं सशी. आई तर उघड म्हणायची, "झुरळ दिसलं की पलंगावर चढतेस, आणि म्हणे नदी वाचवायला निघालीस!" त्या दिवशी पाळी तिची होती. काम साधं. हौदातल्या माशांच्या पिल्लांना खाणं टाकायचं, हवेचा पंप चालू आहे ना बघायचं, कुलूप लावायचं, घर गाठायचं. पिल्लं बोटभर झाली होती. पाच महिने जिवापाड वाढवलेली, रविवारी नदीत सोडायची. तो मासा नदीत आता औषधालाही सापडत नव्हता. ही पिल्लं गेली की विषय संपला.

आणि पंप बंद होता.

हौदातून बारीक आवाज येत होता. चुळबुळ केल्यासारखा. तिने उजेड टाकला. सगळी पिल्लं वर आली होती, तोंडं बाहेर काढून हवेसाठी धडपडत होती. काही आडवी झाली होती.

उपाय एकच. नदीचं ताजं पाणी आत घ्यायचं. नदीपासून हौदापर्यंत पाट होता, पुरुषभर खोल, वरून फरशा टाकून झाकलेला. नदीच्या तोंडाशी लोखंडी दार, दाराला चाक. चाक फिरवलं की पाणी उसळून आत येतं. हौदाकडच्या टोकाला जाळी, तिच्यात सारखा पाला अडकतो, तो काढायला कुणीतरी खाली उतरावं लागतं. म्हणूनच तर बिल्ल्यांचा नियम. खाली उतरणाऱ्याने आपला बिल्ला खुंटीवरून काढून खिशात घालायचा. एक जरी खुंटी रिकामी असेल, तरी चाकाला हात लावायचा नाही.

काका स्वतः हा नियम कधी पाळत नसत. "दोन मिनिटांच्या कामाला बिल्ला कसला? मी काय बिल्ला लावून लग्नाला चाललोय?"

नऊ नंबर क्लबातल्या मास्तरांचा.

मास्तर वर्षापूर्वी त्याच पाटात गेले. पाला काढायला उतरले होते, रखवालदाराने फळा पाहिला, सगळे बिल्ले जागेवर दिसले, त्याने चाक फिरवलं. मास्तरांना पाण्याने जाळीवर दाबून धरलं. सगळे म्हणाले, वय झालं होतं, बिल्ला काढायला विसरले असतील. त्यांच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, "हे विसरणारे नव्हते हो." त्यानंतर नऊ नंबरला कुणी हात लावला नाही.

खरं काय ते सशीला माहीत होतं. मास्तरांनी बिल्ला काढला होता. खिसा फाटका म्हणून चष्म्याशेजारी टेबलावर ठेवला होता. आणि टापटिपीची सवय असलेल्या एका मुलीने, टेबल पुसता पुसता, तो उचलून खुंटीवर लावला होता.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा.

आता ती रिकाम्या खुंटीसमोर उभी होती. तिने रखवालदाराला फोन लावला. बंद. काकांना लावला. वाजत राहिला... वाजत राहिला... पुन्हा लावला. कुणी उचलेना.

हौदातली चुळबुळ मंद झाली होती.

ती धावत चाकापाशी गेली. बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा घोष कानात भरला. "कोणी आहे का खाली?" ती ओरडली.

काही नाही.

"अहो, कोणी आहे का?"

नुसतं पाणी.

मग मागे, खोलीत, काहीतरी वाजलं. धातूचं. बारीकसं.

ती परत गेली. दारातूनच उजेड टाकला.

नऊ नंबर खुंटीवर होता.

झुलत होता. त्यावरून पाणी गळत होतं. टप्... टप्... खाली फरशीवर ओल. पण दारापासून तिथपर्यंत एकही ओलं पाऊल नाही.

फळा भरला होता. नियमाने आता चाक फिरवायला हरकत नव्हती.

ती चाकापाशी आली. दोन्ही हात ठेवले. लोखंड गार. थोडा जोर लावला की झालं, पिल्लं वाचतील. चाक किंचित कुरकुरलं...

आणि ती थांबली.

त्या दिवशीही फळा भरलेलाच होता. तिनेच भरला होता.

तिने हात काढले. पाटाच्या कडेने जाळीच्या टोकापर्यंत आली आणि पालथी पडली. दोन फरशांमध्ये चार बोटांची फट होती. तिथे तोंड लावलं. आतून कुजलेल्या पाल्याचा वास आला.

"मास्तर... तुम्ही आहात का खाली? मास्तर, तो बिल्ला मी लावला होता. तुम्ही नव्हता विसरला. मी लावला होता..."

तिने कान फटीला लावला.

मग अगदी जवळून, फटीच्या खालीच, पाण्यात पाय हलल्याचा आवाज. आणि माणसाचा आवाज. धापा टाकणारा, ओळखीचा, बोटवाल्या काकांचा.

"अगं मास्तर कुठले, मी आहे! वीज गेलेली दिसली, म्हटलं दार उघडायच्या आत जाळी मोकळी करावी, म्हणून बिल्ला न काढता तसाच उतरलो. चाकाला हात लावू नकोस, पाय अडकलाय माझा... आणि काय गं, इतका वेळ अंधारात माझ्या शेजारी उभं राहून पाला काढत होतं, आत्ता वर आलं, ते कोण?"