सगळ्यात हलकी प्रत

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्याच्यावर गुदरली तो माझा सख्खा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. एरवी तो घड्याळातली वेळसुद्धा खरी सांगत नाही. पण हे सांगताना त्याने चहा गार होऊ दिला.

रविवार, दुपारचे तीन. मेहुणा कामाला आहे त्या कारखान्याच्या तळघरातली व्हिडिओची खोली. खिडकी नाही. दार एकच.

काम सोपं होतं. आग लागल्यावर बाहेर कसं पडावं, याची वीस वर्षांपूर्वीची फिल्म. तिच्या चार प्रती करायच्या: मोठ्या टीव्हीपासून ते रेंजसाठी तडफडणाऱ्या स्वस्त मोबाइलपर्यंत. प्रत जितकी हलकी, तितका तपशील गळतो.

फिल्ममध्ये सेफ्टी ऑफिसर याच खोलीचं दार उघडून धरतात आणि धुरातून बाहेर येणारी माणसं मोजतात. एक, दोन, तीन, चार. चौथा फोरमन. मग दार लावतात.

ऑफिसर वारले, त्याला सहा वर्षं झाली.

पहिली प्रत झाली. मेहुण्याने तपासली.

एक, दोन, तीन… दार बंद.

दुसरीत दोघंच आले.

तिसरीत एक.

तपशील गळतो हे त्याला मान्य होतं. पण अख्खा फोरमन?

चौथी, सगळ्यात हलकी. चित्राचे नुसते चौकोन. धूर… उघडं दार… कोणीच आलं नाही. ऑफिसरांनी आत डोकावून पाहिलं.

"आत कोणी नाही," ते म्हणाले, आणि दार लावलं.

खट्…

आवाज स्पीकरमधून आला नव्हता.

मेहुण्याने खोलीचं दार ओढलं. ढकललं. हलेना. त्याने माझ्या बहिणीला फोन लावला.

"अगं, मी आत अडकलोय!"

"ओढायचं की ढकलायचं, ते बघितलंत का?"

"दोन्ही केलं! इथे धूर येतोय!"

"सिगारेट परत सुरू केलीत ना?"

रेंज गेली.

त्याने दारावर बुक्क्या मारल्या. रविवारी ऐकणार कोण? खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्याला एकच सुचलं. त्याने मूळ फिल्म लावली.

एक… दोन… तीन… चार…

ऑफिसरांनी दार लावलं नाही.

"चला हो, किती वेळ धरून ठेवू?"

पाठीमागे दार करकरलं. मेहुणा धावत सुटला. बाहेर चिटपाखरू नव्हतं. कानाशी फक्त…

"पाच."

मूळ फिल्ममध्ये आता पाच माणसं बाहेर येतात. मी स्वतः पाहिलंय. पाचवा चौकटीच्या शर्टात आहे, खोकतोय. पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

सोमवारी साहेबांनीही पाहिली. मेहुण्याला मेमो मिळाला: सेफ्टीच्या फिल्ममध्ये हेल्मेटशिवाय दिसल्याबद्दल.