खाली काहीतरी घट्ट झालंय

‘मृगांक’ या मंगळयानाचं निवासचक्र सकाळी नऊ वाजता फिरू लागलं आणि सात महिन्यांनी माणसांचे पाय जमिनीला टेकले. चक्राच्या फिरण्यातून कृत्रिम वजन तयार होत होतं. नऊ दिवसांनी मंगळावर उतरायचं, तोवर शरीरांना वजनाची सवय व्हायला हवी, असा त्यामागचा हिशेब. बाकीच्या पाचांतले काही जण लहान मुलांसारखे टाळ्या पिटत चालून बघत होते. यंत्रज्ञ अरिंजय खोबरे मात्र न्हाणीच्या भिंतीला टेकून घाम पुसत होता.

अकरा वाजता त्याच्याच्यानं राहवेना. आजार आणि बिघाड दोन्हींच्या तक्रारी घेणाऱ्या खोलीतल्या यंत्राशी तोंड नेऊन तो पुटपुटला, “खाली काहीतरी घट्ट झालंय. सुटत नाहीये. लवकर बघा.”

“नोंद घेतली,” यंत्र म्हणालं.

आता मराठी माणसाची ही जुनी खोड! दाढ दुखली तर दाढ म्हणेल, गुडघा दुखला तर गुडघा. पण एवढ्या एका अवयवापाशी आलं की सगळं ‘खाली’, ‘तिथं’, ‘ते’. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? वीस मिनिटांनी खोबरेच्या मनगटपट्टीवर हुकूम आला: ‘तातडीची दुरुस्ती. खालच्या मजल्यावर काहीतरी घट्ट झाले आहे, सुटत नाही. जबाबदारी: अ. खोबरे. सोबत मोठा पाना न्यावा.’

खोबरेला हसावं की रडावं कळेना. तो भिंतीला धरत धरत डॉक्टर तामगाडग्यांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

“काय झालं?”

“खाली दुखते, मॅडम.”

“पोटरी? गुडघा?”

“त्याच्या वर.”

“मांडी?”

“वरच. पण मधात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “खोबरे, मी बावीस वर्षं डॉक्टर आहे. शिश्न म्हणा आणि झोपा तिथं.”

त्यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पुढची कातडी मागे सरकून अडकली होती. तिचा घट्ट वेढा बसला होता आणि त्याच्यापुढचा भाग सुजून जांभळट झाला होता.

“कातडी आधीपासून घट्ट होती?”

“लहानपणापासून. कधी मागं गेलीच नाही.”

“उड्डाणाआधीच्या तपासणीत सांगितलं नाहीत.”

“फॉर्मवर ‘त्रास नाही’ लिहिलं. लग्नातही नाही सांगितलं, तर तुम्हाले काय सांगू बाप्पा!” त्याचा आवाज फुटला. “पण इथं आल्यावर सैल झाली, मॅडम. तिसऱ्या महिन्यात आपोआप मागं जायला लागली. मले वाटलं, देव पावला. रोज ओल्या फडक्यानं साफ करायचो. आज साफ करत होतो, तेवढ्यात चक्राचा भोंगा वाजला. तसाच कपडे चढवून पळालो.”

“कातडी पुढे आणली नाहीत.”

“ध्यानातच नाही राहिलं.”

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. “देवबिव काही पावला नव्हता. याला द्रवस्थलांतर म्हणतात. वजनहीनतेत अंगातलं पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं. म्हणून आपली तोंडं सुजली आणि पाय काटकुळे झाले. कमरेखालची कातडीसुद्धा थोडी सुकली, म्हणून ती सरकायला लागली. वेढा होता तेवढाच अरुंद होता, त्याच्या आतलं बारीक झालं होतं. आज वजन आलं, पाणी परत उतरलं आणि वेढ्यानं गळा आवळला.”

“मग?”

“रक्त अडलंय. आणखी काही तास असंच राहिलं तर पुढचा भाग मरायला लागेल.”

खोबरेनं डोळे मिटले. मंगळ गेला खड्ड्यात, असं त्याला मनापासून वाटलं.

डॉक्टरांनी ओल्या कापडात साखर घेऊन सुजेवर बांधली, कारण साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. मग मुठीत धरून बराच वेळ दाबलं. खोबरेनं उशीचा अभ्रा दातांनी फाडला. सूज उतरायची आणि वजनामुळे पुन्हा भरायची. चक्राच्या मधल्या अक्षापाशी वजन नव्हतं, पण चक्र फिरताना तिकडचं दार कुलूपबंद असे.

डॉक्टरांनी नियंत्रणकक्षाला हाक दिली. “कॅप्टन, चक्र थांबवा. तासाभरापुरतं.”

“कारण?” कॅप्टन सरनोबतांचा आवाज एरवीपेक्षाही करडा होता.

“रुग्णाचं खासगी आहे.”

“नियम तुम्हाला ठाऊक आहे, डॉक्टर. कारण सगळ्यांच्या वाहिनीवर सांगितल्याशिवाय चक्र थांबत नाही. मलासुद्धा थांबवता येत नाही.”

डॉक्टरांनी खोबरेकडे पाहिलं. “मी तुमच्या परवानगीशिवाय बोलणार नाही.”

पाच माणसं ऐकणार होती. त्यांच्याबरोबर पुढची अडीच वर्षं काढायची होती. खोबरेला लाज अशी वाटली की वेदनाही क्षणभर मागे पडली. मग त्यानं हात लांब करून माइक ओढला.

“मी खोबरे. माझ्या शिश्नाची पुढची कातडी जन्माची घट्ट आहे. वजन नव्हतं तेव्हा सैल झाली, म्हणून मागं घेतली आणि पुढं आणायची विसरलो. आता अडकली आहे. चक्र थांबलं नाही तर सडेल. हसायचं त्यानं हसून घ्या, पण आधी चक्र थांबवा!”

कुणीही हसलं नाही. मग चक्राची घरघर मंद होत गेली आणि खोबरेची पाठ पलंगावरून अलगद सुटली.

डॉक्टरांनी त्याला पट्ट्यानं बांधलं आणि पुन्हा दाबायला घेतलं. दहा मिनिटं गेली. सूज ओसरली. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी टोक आत रेटलं, बोटांनी वेढा पुढे ओढला आणि कातडी जागेवर आली. खोबरे हुंदके देऊन रडला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

“आता ऐका. सूज पूर्ण जाईपर्यंत मागे घ्यायची नाही. मग मलम देते, काही आठवडे लावायचं. जेवढी न दुखता सरकते तेवढीच मागे, साध्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच पुढे आणायची. नाहीच सुटली तर छोटी शस्त्रक्रिया करू.”

तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. “डॉक्टर, त्याचं झालं का?”

“झालं. वेळेत बोलला म्हणून वाचला.”

“मग हातमोजे घेऊन इकडे या. मला सकाळपासून खुर्चीतून उठवत नाहीये.” ते आवाज उतरवून म्हणाले, “चक्र थांबवल्याच्या कारणाच्या रकान्यात मी दोन नावं लिहिली आहेत.”

वाहिनीवर कुणीतरी खाकरलं. हरितगृहातला वाघमोडे होता.

“सर,” तो म्हणाला, “तीन लिहा.”